चाकांवरील घर व त्यांतील वीज

घरांत वीज येते ती तारेनें येते. आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला किती कोळसा जळत आहे किंवा कोणत्या धरणाचें पाणी कोसळत आहे, याचा विचार बटण दाबणारास करावा लागत नाहीं. नळाच्या पाण्याचेंही असेंच आहे. ज्यांच्या दारांत नळ आहे तीं माणसें पाणी किती वापरितात हें क्वचितच मोजतात. परंतु जी बाई कोसभर अंतरावरून घागर डोक्यावर आणिते तिला तींत किती तांबे पाणी मावतें हें कोणी शिकवावें लागत नाहीं. कॅम्पर व्हॅनमध्यें, म्हणजे ज्या मोटारींत निजण्याची, स्वयंपाकाची व थोड्याफार धुण्याची सोय केलेली असते त्या फिरत्या घरांत, वीज ही घागरींतील पाण्यासारखी असते. अशा गाड्या आतां आपल्याकडेही दिसूं लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनानें या प्रकारच्या पर्यटनासाठीं २०२१ सालीं धोरणही जाहीर केलें.

मे महिन्याची सुटी संपून शाळा उघडली तेव्हां अशा गाडींतून कोल्हापुराहून मालवणास जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, गाडीच्या टपावर सौर पॅनेल होतें, बॅटरी नवी होती, तरी दुसऱ्याच रात्रीं दोन वाजतां पंखे कां बंद पडले?" प्रश्न चांगला होता, आणि त्याचें उत्तर तासाच्या शेवटच्या पांच मिनिटांत देण्यासारखें नव्हतें. पुढें काय झालें असें आम्हीं विचारिलें, तेव्हां तो म्हणाला कीं, वडिलांनीं गाडीचें इंजिन चालूं केलें, वातानुकूलन लाविलें, आणि सर्व मंडळी खिडक्या बंद करून पुन्हां निजली. हें ऐकल्यावर उत्तर लवकर आणि लेखी दिलें पाहिजे असें आम्हांस वाटलें. देवाच्या कृपेनें त्या रात्रीं कांहीं अपाय झाला नाहीं.

प्रथम मापें पाहूं. व्होल्ट हें विजेच्या दाबाचें माप, अँपियर हें प्रवाहाचें, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. एखादें उपकरण जितके वॅट घेतें त्यास तें जितके तास चालतें त्या संख्येनें गुणिलें म्हणजे वॅट-तास मिळतात. असे एक हजार वॅट-तास झाले म्हणजे बिलावरील एक युनिट होतें. हें नुसतें पाठ करण्यापेक्षां घरच्या मीटरवर पाहणें बरें. हल्लींच्या मीटरावर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटास तो किती वेळां लुकलुकतो तो आंकडा मीटरवर छापलेला असतो. कित्येक मीटरांवर तो ३२०० असतो. वडील माणसांस विचारून घरांतील सर्व उपकरणें बंद करा आणि एकच पंखा लावा. जुना ७५ वॅटचा पंखा असेल तर दिवा मिनिटास चार वेळां लुकलुकेल. तेथेंच हल्लींचा ३० वॅटचा पंखा असेल तर मिनिटास सरासरी दीड वेळांहून थोडेंच अधिक. हजार वॅटची इस्त्री लावली तर मात्र मिनिटांत त्रेपन्न वेळां मोजतां मोजतां डोळे दमतात. उपकरणावरील चिठ्ठी काय म्हणते आणि तें प्रत्यक्ष काय घेतें, यांतील फरकही याच रीतीनें समजतो.

आतां त्या गाडीची घागर केवढी होती तें पाहूं. तींत लिथियमची १०० अँपियर-तासांची बॅटरी होती. तिचा दाब १२.८ व्होल्ट, म्हणून साठा १२८० वॅट-तास. तळाचा थोडा भाग राखून ठेवावयाचा असल्यामुळें वापरण्याजोगे सुमारें ११५०. म्हणजे घरच्या मीटरच्या हिशेबानें सव्वा युनिटसुद्धां नव्हे! शिसें व आम्ल यांची त्याच मापाची जुन्या तऱ्हेची बॅटरी असती तर ती निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास लवकर खराब होते, म्हणून रोजच्या कामास सुमारें ६०० वॅट-तासच धरावे लागले असते, आणि वजन दुपटीहून अधिक झालें असतें.

विद्यार्थ्यानें आणून दिलेल्या यादीवरून आम्हीं एका दिवसाचा खर्च मांडला. पांच वॅटचे तीन दिवे चार तास, म्हणजे ६० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे रात्रीं दहापासून सकाळीं सातपर्यंत, ३६०. तीन दूरध्वनि रोज एकदां भरण्यास ६०. पाण्याचा लहान पंप पाव तास, १२. राहिला फ्रिज. तो चालूं असतां ५० वॅट घेतो, म्हणजे पंख्याहून फारसा अधिक नाहीं, आणि येथेंच पुष्कळ लोक फसतात. पंखा रात्रीं चालतो. फ्रिज अहोरात्र जागा असतो. थंड हवेंत तो थोडा वेळ चालून बराच वेळ स्वस्थ बसेल, परंतु कोंकणांतील मे महिन्यांत, उन्हांत तापलेल्या गाडींत, मुलें तासातासाला झांकण उघडून सरबत काढीत असतां, तो निम्मा वेळ चालतो असें धरणें भाग आहे. त्याचे झाले ६००. सर्वांची बेरीज १०९२. म्हणजे सूर्याची मदत नसेल तर एका दिवसांत घागर आटली.

ही यादी अपुरी होती. तींत इन्व्हर्टर नव्हता. "तो कांहीं वापरीत नाहीं, तो फक्त वीज बदलतो," असें विद्यार्थ्यानें सांगितलें. बॅटरीच्या १२ व्होल्टांची घरच्यासारखी २३० व्होल्टांची वीज करणारें हें यंत्र त्याला कोणतेंही उपकरण जोडलेलें नसलें तरी नुसतें चालूं राहण्यासाठीं वीज घेतें. आम्हीं तो खर्च १० वॅट धरला. दहा वॅट म्हणजे कांहींच नव्हे. परंतु चोवीस तासांचे २४० झाले, म्हणजे सर्व दिव्यांच्या चौपट! आणि हा यजमान अहोरात्र जेवत होता तो कोणासाठीं? तीन दूरध्वनींसाठीं, जे १२ व्होल्टांवरच चालणाऱ्या साध्या खुंटीवरूनही भरतां आले असते.

टपावरील पॅनेल २०० वॅटचें होतें. आपल्याकडे उन्हाळ्यांत पूर्ण उन्हाचे पांच तास धरले तर हजार वॅट-तास मिळावेत असें कागदावर दिसतें. पण २०० हा आंकडा पॅनेलचें तापमान २५ अंश असतांनाचा आहे. टपावर तें सहज ६० अंशांपर्यंत तापतें, आणि दर अंशास सुमारें ०.४ टक्के शक्ति कमी होते, म्हणजे १४ टक्के तेथेंच गेले. त्यांतून पॅनेल सूर्याकडे कललेलें नसून आडवें निजलेलें. वर घाटांतली धूळ. चांगल्या दिवशीं ७०० मिळाले तरी समाधान मानावें. पावसाळी ढग असतील तर त्याच्या चौथाईवरही येतें. शिवाय माणसांस माडांची सावली हवी आणि पॅनेलला ऊन, हा तंटा गाडी उभी करितांना रोजच होतो.

आतां उत्तर देतां येतें. कोल्हापुराहून फोंडा घाटानें उतरून येण्यास चार-पांच तास लागले. इंजिनावरील अल्टरनेटरपासून ३० अँपियरच्या चार्जरमधून तासाला सुमारें ४०० वॅट-तास मिळत होते, म्हणून पहिल्या दिवशीं सायंकाळीं सहा वाजतां बॅटरी पूर्ण भरलेली होती. दुसऱ्या दिवशीं सहापर्यंत इन्व्हर्टरसह १३३२ गेले व सूर्यानें ७०० दिले. ११५० पैकीं उरले ५१८. सहापासून रात्रीं दोनपर्यंत फ्रिजनें २००, इन्व्हर्टरनें ८०, दिव्यांनीं ६० आणि दहा वाजल्यापासून पंख्यांनीं १६० घेतले. झाले ५००. पंखे दोन वाजतां बंद पडले यांत बॅटरीचा दोष नव्हता. हिशेबाप्रमाणेंच तें घडलें. एकटा इन्व्हर्टर बंद ठेविला असता तर हीच बॅटरी सकाळीं सातपर्यंत पुरली असती, अगदीं जेमतेम. शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांतील पांच जणी मूर्ख ठरल्या त्या दिवे नव्हते म्हणून नव्हे, तेल बरोबर नव्हतें म्हणून.

स्वयंपाकाविषयीं दोन शब्द. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ८७ वॅट-तास लागतात. मधल्या यंत्रांतील नुकसान धरून ११५ च्या आसपास. चहाच्या एका आधणास बॅटरीचा दहावा हिस्सा! घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या टाकींत सुमारें १८० युनिटें इतकी उष्णता सांठविलेली असते हें लक्षांत घेतलें म्हणजे लहान बॅटरीवर स्वयंपाक करणें कां परवडत नाहीं हें समजतें.

येथवर बॅटरी किती दुबळी आहे हें सांगितलें. आतां तिची दुसरी बाजू सांगणें अवश्य आहे, कारण दुबळी म्हणून जी वस्तु आपण ओळखतों तिच्याविषयीं आपण निर्धास्त होतों. घागरीचा दृष्टांत येथें पुरत नाहीं. बॅटरीचा साठा लहान खरा, परंतु तिचें तोंड फार मोठें असतें. बारा व्होल्टांचा दाब कोरड्या कातडींतून धक्का देण्याइतका प्रवाह लोटूं शकत नाहीं. दोन्ही टोकांस हात लाविला तरी कांहीं वाटत नाहीं, म्हणून लोक हंसतात. पण कातडीच्या जागीं लोखंडी पाना आडवा पडला तर? बॅटरीच्या आंतील रोध ओमच्या दोनशेंव्या भागाइतका अल्प असूं शकतो. १२ ला त्यानें भागिलें म्हणजे २४०० अँपियर होतात. आपल्या घरांतील गीझर ९ अँपियरच्या आंतबाहेर घेतो. एवढ्या प्रवाहानें पाना क्षणांत तांबडा होतो, ठिणग्या उडतात, आणि जवळच्या तारेचें आवरण पेट घेतें. बोटांत अंगठी किंवा मनगटांत धातूची बांगडी वा घड्याळ असून तें मध्यें सांपडलें तर धक्का न बसतांही हाडापर्यंत भाजतें. म्हणून बॅटरीजवळ काम करण्यापूर्वीं हात मोकळे करावे, पान्याच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, आणि सोडतांना ऋण टोंक आधीं सोडावें. याचें कारण असें कीं, गाडीचा लोखंडी सांगाडा बहुधा ऋण टोंकाशीं जोडलेला असतो. धन टोंक सोडतांना पाना सांगाड्याला लागला तर विजेची वाट पुरी होते. ऋण टोंक आधीं सुटलेलें असेल तर ती पुरी होत नाहीं. जोडतांना अर्थातच ऋण टोंक शेवटीं.

फ्यूज हा उपकरणाचें रक्षण करण्यासाठीं असतो अशी समजूत आहे. खरें पाहतां तो तारेचें रक्षण करितो. तार जितका प्रवाह सुखानें वाहूं शकते त्याहून कमी अंकाचा फ्यूज असला पाहिजे, आणि तो धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत बसविला पाहिजे. कारण टोंक आणि फ्यूज यांमधील तारेला कोणी राखणदार नसतो. लिथियमच्या बॅटरींतून इतका प्रचंड प्रवाह येऊं शकतो कीं, सामान्य फ्यूज वितळला तरी त्याच्या आंतून विजेची ज्वाळा वाहतच राहते. म्हणून मुख्य तारेवर टी वर्गाचा फ्यूज लावितात. तो २०,००० अँपियरचा प्रवाहही तोडूं शकतो. बॅटरीच्या आंत बसविलेलें रक्षक मंडल असतें खरें, पण त्याच्या भरंवशावर फ्यूज गाळणें म्हणजे राखणदार आहे म्हणून दाराला कडी न लावणें होय.

सर्वांत कपटी शत्रु सैल नट हा होय. इंडक्शनची २००० वॅटची शेगडी घरीं ९ अँपियरांहून कमी घेते, तर बॅटरीवर तिला सुमारें १७५ अँपियर लागतात. समजा, १०० अँपियरांचाच प्रवाह आहे आणि घाटांतल्या हादऱ्यांनीं एक नट ढिला होऊन सांध्याचा रोध ओमच्या शंभराव्या भागाइतका झाला आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिलें रोध, म्हणजे १०,००० चा शंभरावा भाग, १०० वॅट. डाग देण्याच्या लहान कढईहून अधिक उष्णता बाकड्याच्या आंत, गादीच्या खालीं, मिनिटामागून मिनिट उत्पन्न होत आहे, आणि फ्यूजला त्याची दाद नाहीं, कारण प्रवाह ठरल्याहून अधिक नाहींच! यावर उपाय एकच. घाट उतरल्यावर गाडी थांबवावी आणि सर्व सांधे तपासावे. जो सांधा इतरांहून अधिक तापलेला असेल तोच सैल.

बॅटरीच्या जातींविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांत या शतकाच्या पहिल्या दशकांतील भारनियमनामुळें घरोघरीं इन्व्हर्टर आले, आणि त्याबरोबर शिसें-आम्लाच्या मोठ्या बॅटऱ्या आल्या. प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधिलेला हाच तो घट. तीच घरची बॅटरी उचलून गाडींतील बाकड्याखालीं ठेवावी असें कित्येकांच्या मनांत येतें. भरतेवेळीं तींतून हायड्रोजन निघतो. हवेंत तो चार टक्के झाला कीं ठिणगीनें भडकूं शकतो. घरीं ती मोकळ्या हवेंत असते; गाडींत तिच्यावरच माणूस निजतो. शिवाय वळणावर कललेल्या बॅटरींतून गंधकाम्ल सांडतें तें वेगळेंच. अशी बॅटरी ठेवणेंच भाग असेल तर ती बंद पेटींत ठेवून पेटीची नळी गाडीच्या बाहेर काढिली पाहिजे.

लिथियमच्या बॅटऱ्या १९९१ सालीं बाजारांत आल्या, आणि त्या विद्येबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांपैकीं गाडीला योग्य जात म्हणजे लोह-फॉस्फेटाची. तिच्यावरील निबंध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत गुडइनफ यांच्याबरोबर पाढी व नंजुंडस्वामी हे दोन भारतीय नांवांचे संशोधक होते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. कोबाल्टच्या जातीचा घट फार तापला म्हणजे त्यांतील ऑक्सिजन सुटतो व आग आपलें इंधन आपणच पुरविते. फॉस्फेटांत ऑक्सिजन फॉस्फरसशीं घट्ट बांधलेला असल्यामुळें तसें सहसा होत नाहीं. सहसा, असें आम्ही मुद्दाम म्हणतों. चेपलेल्या किंवा अति तापलेल्या घटांतून ज्वालाग्राही व विषारी वायु निघतातच. बॅटरींतून धूर निघूं लागला तर सामान वांचविण्याच्या भरीस न पडतां सर्वांनीं बाहेर पडून वारा जिकडून येत असेल त्या दिशेकडे दूर व्हावें, आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. आपल्याकडील कांहीं मंडळी याच गाड्या लडाखपर्यंत नेतात, त्यांच्यासाठीं एक सूचना: शून्य अंशाखालीं लिथियमची बॅटरी भरूं नये. आंत धातूचा थर सांचून ती कायमची बिघडते.

आतां त्या रात्रीच्या इंजिनाकडे वळूं. डिसेंबर २०२४ मध्यें केरळांतील वडकरा येथें रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्यें दोन पुरुष मृत आढळले. अंगावर जखम नाहीं, झटापट नाहीं. कालिकत येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनीं तपास केला, तेव्हां असें दिसून आलें कीं, वातानुकूलनासाठीं चालूं ठेविलेल्या जनरेटरमधील कार्बन मोनॉक्साइड वायु गाडीच्या तळांतून आंत शिरला होता. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरितें, आणि निजलेला माणूस जागा होत नाहीं. इंजिनाच्या धुरांतही हाच वायु असतो. नळींत बारीकसें छिद्र असलें, गाडी भिंतीला लागून उभी असली, वारा पडला असला, तर त्याला आंत येण्यास तेवढें पुरतें. या वायूची सूचना देणारें लहान यंत्र मिळतें, तें निजण्याच्या जागेजवळ लावावें. परंतु तें लाविलें म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालूं ठेवून निजण्याची मुभा मिळत नाहीं.

मग त्या कुटुंबानें काय करावयाचें होतें, असें पालक विचारतील. दुसऱ्या दिवशीं दुपारींच मापकावरील आंकडा पाहिला असता तर रात्रीं अडचण येणार हें दिसलें असतें. इन्व्हर्टर बंद. सायंकाळीं मालवणच्या बंदरावर मासळीसाठीं बर्फ मिळतो, तो दोन किलो आणून दुधाच्या पिशव्यांसह फ्रिजमध्यें ठेवावा, वर सतरंजी टाकावी आणि फ्रिज सकाळपर्यंत बंद करावा; रात्रींचे ३०० वॅट-तास वांचले. खिडक्यांना मच्छरदाणीचें कापड लावून त्या उघड्या ठेवाव्या. पंखे सकाळपर्यंत चालले असते, आणि उजाडतां बॅटरींत कांहीं वॅट-तास शिल्लकही राहिले असते.

हा लेख लिहून झाल्यावर त्या विद्यार्थ्यानें शाळेंतील मापक वडिलांच्या देखत गाडीला लावून इन्व्हर्टरचा रिकामा खर्च मोजला. आम्हीं १० वॅट धरला होता. तो ११ भरला.